कागदावरून कापडावर : प्रस्तावना

फोटो थेट कॅनव्हासवर छापून देणारी दुकाने आता आपल्याकडच्या बहुतेक शहरांत आहेत. फाइल पाठवावी, माप सांगावे, पैसे भरावेत आणि दोन-चार दिवसांनी चौकटीवर ताणलेले चित्र घरी आणावे. रंग चोख, कडा सरळ, कुठे सुरकुती नाही की फुगा नाही. असे असताना कागदावरचा फोटो घरी बसून, हात चिकट करून घेत कापडावर चढवण्याच्या उद्योगावर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे.

ज्यांना फोटोची तंतोतंत, मोठी आणि टिकाऊ प्रत हवी आहे त्यांनी खुशाल दुकानात जावे. तिथले मोठे इंकजेट यंत्र खास लेप दिलेल्या कॅनव्हासवर पिगमेंट शाईचे सूक्ष्म थेंब सोडते आणि त्याची बरोबरी घरचा ब्रश आणि रोलर कधीच करणार नाहीत. चित्रांच्या बाजारात या छपाईला ‘जिक्ले’ म्हणतात. गायक ग्रॅहम नॅश यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या छपाई-स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक ड्यूगॅन यांनी १९९१ मध्ये हे भारदस्त नाव शोधले, कारण ‘इंकजेट’ म्हटले की गिऱ्हाइकाला ऑफिसातला प्रिंटर आठवायचा. नाव काही असो, काम चांगले होते.

घरच्या कामात मात्र प्रतिमा जशी होती तशी पलीकडे जात नाही. वाटेत ती थोडी झिजते. काळ्या भागात बारीक पांढरे ठिपके राहतात, एखादी कड विरते, कापडाची वीण चेहऱ्यातून डोकावते. पद्धत कोणतीही घ्या, कापडावर गेलेला फोटो काहीतरी गमावतोच. काय गमावलेले चालेल आणि काय गमावून चालणार नाही, हे आधी ओळखता येणे हीच या कामातली खरी अक्कल. या पुस्तकातल्या कृती, मापे आणि सूचना त्या एका गोष्टीभोवती फिरतात.

आता थोडे मागे जाऊ. फोटो कशावर तरी चिकटवण्याची गरज फोटोइतकीच जुनी आहे. १८५० मध्ये फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्रार यांनी अल्ब्युमेन कागद आणला. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला हा कागद इतका पातळ असे की धुऊन वाळवला की त्याची सुरळी व्हायची. म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवणे भागच होते. डिस्देरी यांनी १८५४ मध्ये पॅरिसात पेटंट घेतलेले व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे फोटो आणि पुढच्या दशकातली जरा मोठी ‘कॅबिनेट’ कार्डे हे सगळे मुळात पुठ्ठ्यावर डकवलेले कागदाचे पापुद्रेच होत. जुन्या घरांतल्या ट्रंकेत अजून सापडणारे, खाली स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले ते जाड फोटो पाहा. छायाचित्रकाराइतकेच ते खळ लावणाऱ्या माणसाच्या हाताचेही काम आहे. खळ नीट एकसारखी लागली नसेल तिथे आज दीडशे वर्षांनी फोटोला फोड आलेला दिसतो.

ही कला मुंबईत फार लवकर पोचली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. मोठे नकाशे कापडावर चिकटवून घडी घालण्याची रीतही तेव्हा रुळलेलीच होती. कापड, खळ आणि कागद यांचे नाते जुळवणारे बाइंडर गावोगाव होते, आणि खळीत चिमूटभर मोरचूद घातले की कसर लागत नाही हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. (मोरचूद विषारी असते. घरात लहान मुले असतील तर हा जुना उपाय पुस्तकापुरताच राहू द्यावा.)

कॅनव्हासशी फोटोचा थेट संबंध आला तो चित्रकारांमुळे. बाल्टिमोरचे डेव्हिड वुडवर्ड हे स्वतः चित्रकार. त्यांनी १८५७ मध्ये सूर्यप्रकाशाने प्रतिमा मोठी करणाऱ्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. लहान निगेटिव्हमधून ऊन आरपार पाठवायचे, पुढच्या कागदावर किंवा कापडावर मोठी प्रतिमा पाडायची आणि तिच्यावर तैलरंग चढवून व्यक्तिचित्र तयार करायचे. बसायला वेळ नसलेल्या गिऱ्हाइकाची आणि हात भरभर चालवू पाहणाऱ्या चित्रकाराची यात एकदमच सोय झाली. आपल्याकडे याच कामासाठी फोटोवर चौकटी आखून त्या कॅनव्हासवर मोठ्या करून उतरवण्याची पद्धत चालली. सिनेमाचे फलक रंगवणाऱ्यांनी तर तिच्यावरच संसार केला. राजस्थानात नाथद्वाऱ्याचे चित्रकार आणखी थेट जात. श्रीनाथजींपुढे हात जोडून उभे असलेले भक्त कुटुंब ते रंगवत आणि चेहऱ्यांच्या जागी फोटोतून कापलेले चेहरे चिकटवत. अंगरखा रंगाचा, पागोटे रंगाचे, मिशा मात्र खऱ्या. या चित्रांकडे पाहताना कुठे फोटो संपतो आणि कुठे ब्रश सुरू होतो हे लपवायची कोणाला गरज वाटलेली नाही, आणि म्हणूनच ती मला फार आवडतात.

याच्या उलट टोकाला ओलिओग्राफ. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी घराघरांतल्या भिंती व्यापल्या. ओलिओग्राफ म्हणजे दगडावरून अनेक रंगांत छापलेले चित्र. ते तैलचित्रासारखे दिसावे हा त्या सगळ्या तंत्राचा हेतू. युरोपात तर त्यावर व्हार्निश चढवत आणि कागदावर दाब देऊन कॅनव्हासची खोटी वीणही उठवत. रविवर्मा यांच्या छापील चित्रांबद्दल माझी काही तक्रार नाही. तैलचित्र विकत घेणे ज्यांच्या स्वप्नातही नव्हते त्यांच्या घरी चित्र पोचले, ही मोठीच गोष्ट. काही घरांतल्या बायकांनी त्या छापील देवींना खरी जर आणि टिकल्या चिकटवून आपलेसे केले, ते तर छापखान्याच्याही वरताण. पण कॅनव्हासची खोटी वीण उठवण्यामागची जी इच्छा होती ती अजून मेलेली नाही. फोटोवर जाड जेल चोपडून ब्रशच्या फटकाऱ्यांचे वळ उठवायचे आणि पाहुण्यांना सांगायचे की पेंटिंग आहे, हा प्रकार आजही जोरात चालतो. तो या पुस्तकात सापडणार नाही. फोटोला फोटो राहू द्यावे. कॅनव्हासवर गेला म्हणून त्याने तैलचित्राचे सोंग घ्यायचे कारण नाही.

मग कॅनव्हास हवा तरी कशाला? एक अगदी व्यावहारिक कारण आहे आणि ते पावसाळ्यात कळते. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. हवेत ओल वाढली की जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि काचेला टेकलेले असेल तर काचेला चिकटते. कोकणात आणि मुंबईत जुन्या तसबिरी उघडायला गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. फोटो काचेपासून सुटत नाही आणि ओढला की चेहऱ्याचा तुकडा काचेवरच राहतो. (तसा फोटो कधीही ओढू नये. काचेसकट स्कॅन करावा किंवा सावलीत उभे राहून त्याचा फोटो काढावा.) कॅनव्हासवरच्या प्रतिमेला काच लागत नाही. वर ॲक्रिलिकचा पातळ थर असतो, पाठ उघडी असते आणि हवा खेळती राहते. चित्र हलके असते, चकाकत नाही आणि खोलीतल्या कोणत्याही कोपऱ्यातून दिसते.

दुसरे कारण हाताचे आहे. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग यांनी १९५८ ते १९६० या काळात दान्तेच्या नरकवर्णनावर चौतीस चित्रे केली. मासिकांतले फोटो रसायनात भिजवून ते कागदावर उपडे ठेवायचे आणि मागून कोरड्या पेनाने घासायचे, ही त्यांची रीत. जिथे घासले तिथेच प्रतिमा उतरली, बाकीची मागेच राहिली. पेनाच्या रेघोट्या त्या चित्रांत सरळ दिसतात. म्हणजे प्रतिमा कशी इकडून तिकडे आली, किती आली आणि किती राहिली, हे चित्रच सांगते. ते कागदावरचे काम होते. घरच्या कॅनव्हासवरही नेमके हेच करता येते, आणि दुकानातल्या यंत्राला ते येत नाही.

आता सामानाकडे येऊ. नवशिक्या माणसाचे काम जिथे फसते ती जागा बहुधा एकच असते. आपल्या हातातला ‘फोटो’ नेमका कशाचा बनला आहे हे त्याला ठाऊक नसते. वरून सारखे दिसणारे तीन प्रिंट आतून अगदी वेगळे असतात.

पहिला लॅबचा प्रिंट. लग्नाचे, सहलींचे, चार बाय सहाचे चकचकीत फोटो हे बहुतांशी याच जातीचे. १९७०च्या सुमारापासून या कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर असतो. म्हणजे मध्ये कागद, त्याच्या पाठीवर प्लास्टिक, पोटावर प्लास्टिक आणि सर्वांत वर जिलेटिनच्या थरांत बसलेले रंग. हा प्रिंट उपडा चिकटवून मागून पाणी लावून कितीही घासा, काही होत नाही, कारण पाणी आत शिरतच नाही. त्याची रीत निराळी. कोपऱ्यातून नखाने थर सोडवायचा आणि कागद मागून हळूहळू ओढून वेगळा करायचा. जमले तर भिजलेल्या बदामाची साल निघावी तशी प्रतिमा पातळ पापुद्र्यासह हातात येते आणि मग ती कापडावर बसवता येते. व्यावसायिक लोक आधी प्रिंटवर पारदर्शक फिल्म चढवतात, मगच पाठ सोलतात आणि उष्णतेच्या दाबयंत्रात ती कॅनव्हासला चिकटवतात. वीण वर उमटते ती त्या दाबामुळे. घरी फिल्मशिवाय सोललेला पापुद्रा फाटण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा हा प्रयोग दुसरी प्रत काढता येईल अशाच फोटोवर करावा. सोलायचे नसेल तर अख्खा प्रिंट कॅनव्हासवर चिकटवताही येतो. मात्र पाण्याचा गोंद त्या प्लास्टिकच्या पाठीला मनापासून धरत नाही. बारीक काचपेपरने पाठ हलकेच खरवडून घेतली तर पकड सुधारते.

दुसरा इंकजेट. घरच्या प्रिंटरची डाय शाई पाण्यात विरघळते. तिच्यावर ओला ब्रश फिरला की नवरदेवाच्या फेट्याचा लाल रंग थेट गालावर उतरतो. हा प्रिंट आधी पूर्ण वाळू द्यावा, त्यावर स्प्रे व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात मारावेत आणि मगच चिकटवण्याचा विचार करावा. पिगमेंट शाई पाण्याला सहसा दाद देत नाही, पण आपल्या प्रिंटरमध्ये कोणती शाई आहे हे तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नये. तपासणे सोपे आहे. नको असलेल्या प्रिंटवर ओले बोट फिरवावे.

तिसरा लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स. हा या पुस्तकाचा खरा नायक आहे. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात, कोरड्या भुकटीने पहिली प्रत काढली तेव्हा तिच्यावर तारीख आणि जागेचे नाव एवढेच होते. त्या तंत्राने पुढे कचेऱ्या बदलल्या हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कामाचा भाग असा की टोनरची ती भुकटी म्हणजे रंग मिसळलेले प्लास्टिक असते आणि उष्णतेने ते कागदाच्या पृष्ठभागावर वितळून बसते. ते कागदात मुरत नाही, पाण्यात विरघळत नाही. कागद काढून टाकला तरी प्रतिमा शिल्लक राहू शकते ती यामुळेच. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात साध्या, पातळ कागदावर काढलेली रंगीत प्रत ही महागड्या फोटोपेपरवरच्या प्रतीपेक्षा या कामाला जास्त उपयोगी पडते. दुकानदार आग्रहाने जाड, गुळगुळीत कागद पुढे करील. तो नको म्हणावे. आणि प्रतिमा आरशात दिसते तशी उलटी छापायला सांगावे, नाहीतर मागच्या पाटीवरची अक्षरे उलटी आणि आजोबांचा डावा हात उजवा होऊन बसेल.

या प्रतीची कृती तपशिलाने पुढे येईल, इथे तिच्यातले मर्म सांगतो. कॅनव्हासवर ॲक्रिलिक जेल मीडियमचा एकसारखा थर द्यायचा, त्यावर प्रिंट उपडा ठेवायचा, रोलरने मधून कडांकडे दाबत हवा बाहेर काढायची आणि रात्रभर विसरून जायचे. लावताना जेल दुधासारखे पांढरे असते. त्यातले पाणी उडाले की ते काचेसारखे स्वच्छ होते आणि टोनरला धरून ठेवते. दुसऱ्या दिवशी मागचा कागद ओला करून बोटांच्या पेरांनी घासायला लागायचे. कागदाचा लगदा होऊन त्याच्या बारीक वळ्या सुटतात आणि खालून चित्र वर येते. ओले असताना ते झकास दिसते. वाळले की पांढुरके पडते, कारण कागदाचे तंतू अजून अडकलेले असतात. पुन्हा ओले, पुन्हा घासणे. इथे संयम सुटतो आणि बोटाखाली टोनरसुद्धा निघून जातो. थोडा धूसरपणा राहिला तर राहू द्यावा. शेवटी मीडियमचा पातळ हात वरून दिला की उरलेले तंतू बरेचसे पारदर्शक होतात.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतो. फोटोतले पांढरे म्हणजे कागदाचे पांढरेपण, आणि कागद तर आपण घासून टाकला. तेव्हा आजीच्या पांढऱ्या पातळाचा रंग आता खालच्या कॅनव्हासचा असणार. जेसोचे अस्तर दिलेल्या पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर ते पांढरे राहील, कच्च्या मांजरपाटावर पिवळसर होईल, खाली गेरूचा हात दिला असेल तर तांबूस. गडद रंगावर चित्र जवळजवळ गडपच होईल. हा दोष मानायचा की सोय, ते आपल्यावर आहे. जुन्या कृष्णधवल फोटोला कच्च्या कापडाचा रंग फार शोभतो, असे माझे मत. रंगीत फोटोत तोच रंग चेहऱ्यांना कावीळ झाल्यासारखे करतो.

चिकटवायला फेविकॉल का नको, हा प्रश्न हमखास येतो. कापडाला कागद डकवण्यापुरता तो चालतो. पण साधा पांढरा फेविकॉल वाळल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ पडतो आणि घासण्याच्या कृतीत पाणी तर लागतेच. वरच्या थरासाठी तो मुळीच वापरू नये. ॲक्रिलिक मीडियम एकदा वाळले की पाण्याला दाद देत नाही. पाण्यात कालवता येणारे ॲक्रिलिक रंग पन्नासच्या दशकात बाजारात आले नसते तर हे सगळे घरगुती काम सरस आणि डिंकावरच अडले असते. आता ही मीडियमे आपल्याकडे कलासाहित्याच्या दुकानांत सहज मिळतात. दांडेकरांच्या कॅम्लिनने १९३१ मध्ये शाईपासून धंदा सुरू केला, त्यांच्या मांडणीतही ती असतात.

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांसारख्या द्रवांनी टोनर विरघळवून प्रतिमा उतरवण्याच्या पद्धती या पुस्तकात आहेत, पण शेवटच्या प्रकरणात. हे द्रव झटकन पेट घेतात आणि त्यांच्या वाफा डोक्यात जातात. स्वयंपाकघरात, देवघराजवळ किंवा बंद खोलीत हे काम करायचे नाही. गच्ची किंवा उघडी गॅलरी असेल तरच त्या वाटेला जावे.

चौकट आणि ताण यांबद्दल थोडे. तयार ताणलेला कॅनव्हास घेतला तर मधोमध दाबताना कापड खाली जाते आणि नीट चिकटत नाही. मागून पुस्तके किंवा लाकडी फळी आधाराला द्यावी. सुट्या कॅनव्हासवर काम करून नंतर ताणणार असाल तर कडांचा हिशोब आधी करा. दीड इंच जाडीच्या चौकटीवर चित्र कडेवरून वळवायचे ठरवले तर बारा बाय अठराच्या प्रतिमेतले समोर दिसायला नऊ बाय पंधराच उरते. काठावर उभा असलेला मामा मग चौकटीच्या बाजूला जातो आणि लग्नात कोणाला कापले यावरून घरात पुन्हा बोलणी होतात. ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर स्टेपल मारावी, समोरासमोर, आणि मग कोपऱ्यांकडे सरकावे. कोपऱ्यातून सुरुवात केली की तिरकस वळ्या पडतात आणि त्या जात नाहीत. चौकटीच्या आतल्या खाचेत बसणाऱ्या लाकडी पाचरी फेकून देऊ नयेत. पावसाळ्यानंतर कापड सैल झाले तर त्या हलक्या ठोकून ताण परत आणता येतो.

ऋतूचा विषय निघालाच आहे. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. जुलैत मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत जेल वाळता वाळत नाही, आणि वाळल्यासारखे वाटले तरी आत दुधाळ राहते. मे महिन्यात उलट त्रास. उन्हात ॲक्रिलिकचा थर किंचित चिकट होतो, त्यामुळे दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर ते एकमेकांना चिकटतात. मध्ये बटरपेपर घालावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकू नये. ओल येणाऱ्या भिंतीवर तर कोणतीच तसबीर लावू नये. लावावीच लागली तर मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत आणि कापड यांच्यात हवा राहील.

कोणता फोटो निवडावा? इथे माझे मत जरा ठाम आहे. प्रकाश-सावली ठळक असलेला, मोठ्या आकारांचा फोटो निवडावा. वाड्याचा दरवाजा, विहिरीवरचा रहाट, पाठमोरी बाई, बैलाचे तोंड, एकच चेहरा. त्यातले थोडे झिजले तरी चित्र उभे राहते. पन्नास माणसांचा ग्रुप फोटो घेऊ नये. प्रत्येक चेहरा वाटाण्याएवढा आणि त्यातला अर्धा बोटाखाली गेला, तर ज्याचा गेला तो नातेवाईक विसरणार नाही. पिक्सेलची चिंता मात्र कागदावरच्या छपाईपेक्षा कमी करावी. वीण बारीक तपशील गिळतेच, त्यामुळे इंचाला दीडशे पिक्सेल पुरतात. बारा बाय अठरासाठी १८०० बाय २७०० झाले तरी बास. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो बहुधा लांबीला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो, म्हणजे दहा इंचांपर्यंत ठीक. त्याहून मोठा हवा असेल तर पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

हक्कांचेही लक्षात ठेवावे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा आपल्या लग्नाच्या फोटोचे काय करायचे ते आपण ठरवू शकतो. इंटरनेटवर सापडलेला दुसऱ्या कोणाचा सुंदर सूर्यास्त कॅनव्हासवर चढवून प्रदर्शनात विकणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती करू नये.

मूळ फोटोला हात लावायचा नाही, हा नियम पुस्तकात इतक्या वेळा येतो की वाचक वैतागतील. पण पुढे येणारी प्रत्येक कृती मागे फिरवता न येणारी आहे. घासलेला कागद परत येत नाही, सोललेली पाठ परत बसत नाही. आधी स्कॅन, मग त्या स्कॅनची प्रत, मग त्या प्रतीवर काय ते प्रयोग. आणि स्कॅन करताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे फोटोची मागची बाजू. तिथेच स्टुडिओचा शिक्का असतो, कोणाच्या तरी हस्ताक्षरात ‘ठाकुरद्वार’ किंवा ‘मुंजीच्या वेळी’ असे काहीतरी असते, कधी नुसते साल. कागदावरून कापडावर जाताना ही पाठ कायमची गळून पडते. म्हणून प्रत्येक जुन्या फोटोची दोन्ही अंगे स्कॅन करा. आणि कॅनव्हास भिंतीवर लावण्याआधी त्याच्या मागच्या लाकडी पट्टीवर न पुसणाऱ्या पेनाने लिहा: फोटोत कोण आहेत, डावीकडून कोणत्या क्रमाने, कुठे, कोणत्या साली, मूळ फोटो कोणाच्या घरी आहे, आणि ही प्रत कोणी व केव्हा केली. घरात ज्यांना ही नावे सांगता येतात त्या माणसांना आजच विचारा. जेल वाळायला रात्र जाते, तेवढ्यात हे काम होऊ शकते.